लढता येईल असा किल्ला

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यांच्या अंगणांत, चाळींच्या कोपऱ्यांत आणि आता नव्या वसाहतींच्या आवारांतही मातीचे ढीग दिसू लागतात. दगड-विटा रचायच्या, त्यांवर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरायचे, ओल्या मातीचा लेप द्यायचा, उतारांवर अळीव नाहीतर मोहरी पेरायची. आणि डोंगर हिरवा झाला, की बाजारातून आणलेली मातीची चित्रे त्यावर मांडायची. सिंहासनावर महाराज, दाराशी भालदार, तटावर मावळे, पायथ्याशी गवळण आणि वाणी, असा हा संसार असतो. पुणे, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, मुंबई, नागपूर अशा अनेक ठिकाणी मंडळे या किल्ल्यांच्या स्पर्धा भरवतात. परीक्षक गल्लोगल्ली फिरतात, किल्ला पाहतात, मुलांना चार प्रश्न विचारतात आणि गुण मांडून पुढच्या अंगणात जातात.

या स्पर्धांनी पुष्कळ चांगले केले आहे. परंतु त्यांत एक उणीव आम्हांला नेहमी जाणवत आली. किल्ला ही लढण्यासाठी उभारलेली वास्तू आहे, आणि आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यावर लढाई मात्र कधीच होत नाही. मावळा तटावर उभा असतो तो उभाच राहतो. तोफेचे तोंड कोणत्या दिशेला आहे, याची कोणी चौकशी करीत नाही. टाक्यात पाणी असते ते आरशाच्या काचेचे! मग दरवाजा कोठे असावा, तट कोठे वळावा, पाणी कोठे साठवावे, या गोष्टींना काही अर्थच उरत नाही; जेथे शोभेल तेथे त्या येऊन बसतात. तिरोडीतील आम्हां काही मराठी कुटुंबांना वाटले, की किल्ल्यावर लढाई लावून पाहावी. त्या प्रयोगाची हकीकत, आणि त्यातून जे हाती आले ते, वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सीमेवरचे गाव

तिरोडी हे बालाघाट जिल्ह्यातले, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेले खाणीचे गाव. तुमसर रोडहून निघणारा रेल्वेचा फाटा येथवर येतो. अलीकडे कटंगीपर्यंतचा जोडमार्ग झाल्याने बालाघाटशीही रेल्वेने संबंध जुळला आहे. शतकाहून अधिक काळ येथे मँगनीजचे खनिज निघत आहे. भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत या भागातल्या पायाभूत खडकाला ‘तिरोडी नीस’ असे नाव आहे. म्हणजे गाव लहान असले, तरी त्याच्या पायाखालच्या दगडाने त्याचे नाव दूरवर नेले आहे.

बालाघाट जिल्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बनला. त्या वेळच्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. कोणी घर हलवले नाही, कोणी गाव सोडले नाही. पण आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीतली कितीतरी माणसे त्या एका दिवसात ‘महाराष्ट्राबाहेरची’ झाली. मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात खरी. पण ती स्वयंपाकघर, देवघर आणि आजीची औषधे एवढ्यापुरती. ‘भाकरी’, ‘उटणे’, ‘काढा’ हे शब्द त्यांना येतात. ‘उतार’, ‘खिंड’, ‘सोंड’, ‘कडा’ हे येत नाहीत. त्यांना मराठी शिकवावी म्हणून श्लोक पाठ करून घेतले, वाचनाचे तास लावले. मुलांनी आज्ञाधारकपणे सारे पाठ केले आणि पुढल्या महिन्यात विसरूनही गेली.

चतुरंगापासून चिंचोक्यांपर्यंत

लहान सैनिक मांडून लढाई खेळणे ही कल्पना काही नवी नव्हे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा चार अंगांच्या सेनेवरून आपल्याकडच्या पटाच्या खेळाला चतुरंग हे नाव पडले, आणि तोच खेळ इराण व अरबस्तानमार्गे युरोपात जाऊन आजचे बुद्धिबळ झाला. १७८० साली जर्मनीतील ब्रुन्सविक येथे हेल्विग नावाच्या एका शिक्षकाने याच बुद्धिबळाचा पट वाढवला, त्यावर नद्या, टेकड्या व गावे आणली आणि मोहऱ्यांऐवजी पलटणी ठेवल्या. पुढे प्रशियात राइस्वित्झ पितापुत्रांनी पटावरची घरेच काढून टाकली. वडिलांनी १८१२ मध्ये उठावाच्या भूमीचे एक मेजच राजाला नजर केले. मुलाने १८२४ मध्ये खऱ्या नकाशावर खेळायचे नियम छापले. त्यात लाल आणि निळ्या ठोकळ्यांच्या पलटणी होत्या, एक फेरी दोन मिनिटांची मानली जाई, चकमकीचा निकाल फाशांनी लागे, आणि खेळाडूंच्या मध्ये एक पंच बसे. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ आपल्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणात घेतला. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केल्यावर इतर देशांच्या सैन्यांनीही त्याचे अनुकरण केले.

घरातल्या मुलांपर्यंत हा खेळ आणला तो एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने. त्याचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली प्रसिद्ध झाले. वेल्सच्या नियमांत पायदळाने एका खेळीत एक फूट चालायचे, घोडदळाने दोन फूट. आणि तोफेजवळ चार माणसे नसतील तर ती डागता यायची नाही. आज जगातील अनेक शहरांत अशा मेजावरच्या लढायांच्या स्पर्धा भरतात. दोन्ही बाजूंना सारख्या गुणांच्या सेना दिलेल्या असतात, वेळ ठरलेला असतो, आणि बोटाएवढे सैनिक स्वतःच्या हाताने रंगवण्यात लोक महिनेच्या महिने घालवतात.

आमच्याकडे रंगवलेले सैनिक नव्हते. पण किल्ला होता, आणि चिंचोके वाटेल तितके होते. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पायदळाची जी रचना सांगितली आहे, तीच आम्ही उचलली: दहा मावळ्यांवर एक नाईक, पन्नासांवर एक हवालदार. दहा चिंचोक्यांची एक तुकडी, तिच्या पुढे नाईक म्हणून मातीचे एक चित्र. गडकऱ्याकडे पन्नास चिंचोके; चढाई करणाऱ्याकडे शंभर. सपाटीवर एका फेरीत एक वीत चालायचे, चढावर अर्धी. वीत कोणाची, यावर पहिलेच भांडण झाले. तेव्हा सर्वांत धाकट्या मुलीची वीत बांबूच्या कामटीवर खुणेने नोंदवली आणि तीच सरकारी वीत ठरली. प्रत्येक बाजूस विचाराला दोन मिनिटे. दोन तुकड्या भिडल्या की दोघांनी फासा टाकायचा. तटावरच्या तुकडीच्या दानात दोन मिळवायचे. कमी दान पडेल त्याने फरकाइतके चिंचोके उचलायचे. पंधरा फेऱ्यांत गड घेतला नाही, तर गडकरी जिंकला.

आणखी एक नियम केला, आणि सगळ्या खेळाचा प्राण पुढे त्याच नियमात असल्याचे आढळले. किल्ल्यावरचे टाके खऱ्या पाण्याने भरायचे आणि दर फेरीला त्यातून एक पळी पाणी काढायचे. टाके कोरडे पडले, की शिबंदीने गड खाली करायचा.

परीक्षक म्हणून आज्ञापत्र

स्पर्धा म्हटली की गुण आले, आणि गुण कशाला द्यायचे हा प्रश्न आला. इतरत्र स्वच्छता, सजावट, माहितीफलक यांना गुण असतात. आम्हांला त्याहून जुना परीक्षक सापडला. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचे. त्यातील दुर्गांविषयीचे प्रकरण हे किल्ल्याच्या कसोट्यांची सरळ यादीच आहे. आधी पाणी पाहावे आणि मग किल्ला बांधावा. किल्ल्याच्या माऱ्यात येईल असा दुसरा डोंगर जवळ असू नये. असला तर तो सुरुंगांनी फोडून किल्ल्याच्या आहारी आणावा, तेही शक्य नसेल तर तो बांधून मजबूत करावा. दरवाजा समोरून दिसू नये, पुढे बुरूज देऊन त्याला आडोसा करावा. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष. म्हणून दुसरा दरवाजा आणि चोरदिंड्याही ठेवाव्यात. या चार कलमांना दहा-दहा गुण ठेवले, आणि उरलेले लढाईच्या निकालावर.

या कलमांमागे रक्त सांडलेले आहे, हे मुलांना सांगणे अवश्य होते. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदरावर चालून आले, तेव्हा त्यांनी आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि तेथे तोफा चढवून पुरंदरचे बुरूज फोडले. मुरारबाजी देशपांडे त्याच लढाईत पडले. आमच्या मुलांना अधिक जवळची अशी दुसरी गोष्ट नागपूरची. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशी सीताबर्डीच्या जोड टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रज संख्येने फारच थोडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या बाजूच्या अरबांनी लहान टेकडी जिंकली आणि तेथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू झाला. परंतु इंग्रजांकडच्या घोडदळाच्या एका तुकडीने मैदानात मुसंडी मारली, लहान टेकडी पुन्हा इंग्रजांच्या हाती गेली आणि दिवस फिरला. शेजारची टेकडी कोणाच्या हाती आहे, यावर नागपूरच्या राज्याचे भवितव्य त्या सकाळी ठरले.

पंच म्हणून आमच्या शेजारचे एक वयोवृद्ध काका लाभले. खाणीच्या मोजणीत त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी आल्याआल्या मुलांना प्रमाणाचा धडा दिला. मातीचा मावळा तीन इंच उंच. तो साडेपाच फुटी माणूस धरला, तर एकास बावीस हे प्रमाण झाले. रायगडाच्या महादरवाजाचा मोठा बुरूज सुमारे ७५ फूट सांगतात. या प्रमाणात तो एकटाच जवळजवळ साडेतीन फुटांचा व्हायला हवा. मग डोंगर किती? मुले हिशेब करता करता हसू लागली. “म्हणून डोंगराचे माप निराळे आणि माणसाचे निराळे,” काका म्हणाले, “पण ते जाणूनबुजून निराळे ठेवायचे, चुकून नव्हे.” तेव्हापासून मावळे फक्त नाईक झाले, आणि खरे सैन्य चिंचोक्यांचे.

चार संध्याकाळच्या चार लढाया

चार चमू झाले. सर्वांत मोठ्या तीन मुलांनी रायगड निवडला, दुसऱ्यांनी प्रतापगड. एका घरच्या बहीणभावांनी मोठ्या परातीत पाणी भरून सिंधुदुर्ग उभा केला. चौथ्या चमूत दोन मुली आणि त्यांचा एक हिंदीभाषक वर्गमित्र होता. त्यांनी अंबागड करायचे ठरवले. अंबागड म्हणजे तुमसर तालुक्यातला, सीमेपलीकडचा आमचा शेजारी. देवगडच्या बख्तबुलंदाचा सुभेदार राजाखान पठाण याने तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढे तो भोसल्यांकडे आला आणि त्यांच्या काळी त्याचा उपयोग तुरुंगासारखा होत असे. गडावरच्या विहिरीचे दूषित पाणी कैद्यांना पाजीत, असे जुन्या गॅझेटिअरात नमूद आहे. मुलींना ती गोष्ट पाण्याच्या नियमामुळेच आवडली असावी.

पहिल्या संध्याकाळी रायगडावर चढाई झाली. किल्ला देखणा होता: मेघडंबरी, बाजारपेठ, टकमक टोक, सारे जागच्या जागी. परंतु बांधकाम संपल्यावर उरलेली माती मुलांनी शेजारीच लोटून ठेवली होती, आणि तो ढीग उंचीने बाजारपेठेला येऊन भिडला होता. चढाई करणाऱ्या अंबागडच्या चमूने दरवाजाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी पाच फेऱ्या खर्चून आपली तोफ त्या ढिगावर नेली. रायगडवाल्यांनी गदारोळ केला: “तो डोंगर नाही, कचरा आहे!” पंचांनी ‘आज्ञापत्र’ पुढे केले. डोंगर जवळ आहे की नाही, एवढेच त्यात विचारले आहे. तो कोणी केला, हे विचारलेले नाही. बाराव्या फेरीला रायगड पडला. तिघांपैकी मोठा मुलगा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहिले, तर तो एकटा घमेल्याने तो ढीग उचलून बागेत नेऊन टाकीत होता.

दुसऱ्या संध्याकाळी प्रतापगडाची शिबंदी मजेत होती. एकही चिंचोका पडला नव्हता. पण टाके भुसभुशीत मातीत खणलेले होते. सहाव्या फेरीला पळी बुडेना, आठव्या फेरीला तळ दिसला. शत्रूने तटाला हातही न लावता गड खाली झाला. त्या रात्री सगळ्याच किल्ल्यांवर दुरुस्ती सुरू झाली. कोणी टाक्याला चिकणमाती चोपडली, कोणी मेण लावले. एकाने सरळ स्टीलची वाटी पुरली. यावर पुन्हा वाद! वाटी चालते काय? काकांनी निवाडा दिला, की सह्याद्रीवरची टाकी अखंड खडकात कोरलेली असतात, खडक झिरपत नाही, म्हणून वाटी ग्राह्य. मात्र ती तळहाताहून मोठी असू नये.

तिसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग. त्या गडाचे काम १६६४ मध्ये सुरू झाले, त्याचा महादरवाजा बुरुजांच्या आड असा लपलेला आहे की समुद्रावरून पाहणाऱ्याला तो उमगत नाही. आणि खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात गडावर दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. बहीणभावांनी हे सारे मनावर घेऊन केले होते. चढाईवाल्यांच्या कागदी होड्या तिसऱ्या फेरीतच भिजून बुडाल्या, आणि शंभरांतले चाळीस चिंचोके परातीच्या तळाशी गेले. सिंधुदुर्गवाल्यांनी विजयाची आरोळी ठोकली. पण पंचांनी डाव रद्द केला. खरी गलबते कागदाची नसतात, असे ते म्हणाले. नारळाच्या करवंट्या आणून डाव पुन्हा मांडला. तरीही दरवाजा शोधण्यातच सात फेऱ्या गेल्या आणि गड राहिला. अडतीस चिंचोके तटावर शाबूत.

चौथी लढाई अंबागडची. मुलींनी पायथ्याला एक मेट ठेवले होते आणि त्यावर पूर्ण एक तुकडी. मेट म्हणजे गडाच्या वाटेवरची चौकी. पन्नासांतले दहा चिंचोके गडाबाहेर ठेवणे सर्वांना वेडेपणाचे वाटले. त्या दहांनी चढाईवाल्यांच्या पाच फेऱ्या खाल्ल्या आणि मग ते संपले. पंधराव्या फेरीअखेर गडावर अकरा चिंचोके आणि टाक्यात अर्धी पळी पाणी राहिले. गुणांनी सिंधुदुर्ग पहिला आला, अंबागड दुसरा. बक्षीस म्हणून अनारशांचा डबा होता. तो चारही चमूंनी पंचांच्या देखतच संपवला.

शब्द कसे टिकतात

हे सारे गमतीचे झाले, पण आम्हांला जे सांगायचे आहे ते याच्या पुढचे आहे. पहिल्या संध्याकाळी मुलांची भाषा कशी होती? “वो दीवार के ऊपर वाला रास्ता आहे ना, तिथे माझे दहा लोग पाठव.” एवढे वाक्य बोलेपर्यंत दोन मिनिटांतला बराच वेळ जाई. काका तोंडाने काही शिकवीत नसत; हुकूम पुन्हा म्हणून दाखवताना मात्र ते नेमका शब्द वापरीत: “दहा जण फांजीवर.” तटाच्या माथ्यावरून पहारेकऱ्यांना फिरायची जी वाट, ती फांजी. तटातल्या ज्या भोकांतून बंदूक रोखायची, त्या जंग्या. दरवाजाच्या आत पहारेकरी बसतात त्या देवड्या. हे शब्द काही केवळ जुने म्हणून मोलाचे नाहीत. ते आखूड आहेत, नेमके आहेत. घाईच्या वेळी उपयोगी पडावेत म्हणूनच ते घडलेले आहेत. मुलांना ते कळायला कोशाची गरज पडली नाही. चौथ्या संध्याकाळी अंगणातून हाका ऐकू येत होत्या: “मेट सोडू नका!” “चोरदिंडीने खाली उतर!” “माचीवर कोणीच नाही!” त्यांतली शेवटची हाक त्या हिंदीभाषक मुलाची होती.

आम्ही महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे भाषेची चिंता फार करतो. मुलांना आपली भाषा यावी म्हणून तिचे गुणगान त्यांना ऐकवतो. पण ज्या शब्दावाचून मुलाचे काहीच अडत नाही, तो शब्द आदराने कितीही शिकवला, तरी तो राहत नाही. ज्याच्यावाचून डाव हातचा जातो, तो मात्र एका संध्याकाळीत अंगवळणी पडतो. घरातल्या भाकरीचे शब्द टिकले, ते भाकरी रोज लागते म्हणून. माची, बुरूज, खिंड, उतार हे शब्द टिकवायचे असतील, तर ते लागतील असा प्रसंग आपल्याला निर्माण केला पाहिजे. असा प्रसंग वर्षातून एकदा आपल्या अंगणात आपोआप चालून येतो, आणि आपण तेथे नुसती चित्रे मांडून उठतो, हे आम्हांला खटकते.

कोणी विचारील, की मुलांच्या हाती लढाई का द्यावी? प्रश्न योग्य आहे, आणि म्हणूनच आम्ही एक दंडक कसोशीने पाळला. चढाई करणाऱ्याला ‘शत्रू’ म्हणायचे नाही, आणि कोणत्या जातीधर्माचे नाव द्यायचे नाही. एक बाजू गडकरी, दुसरी चढाईवाले. आज जो गडकरी आहे, तो उद्या दुसऱ्याच्या गडावर चढतो. स्वतः चढून पाहिल्यावरच तट कोठे कच्चा आहे हे समजते. आणि समोरचा माणूसही आपल्यासारखाच डोके चालवतो, हेही समजते. सीताबर्डीची लढाई आम्ही पाचव्या दिवशी मुलांना हौसेखातर खेळू दिली. भोसल्यांची बाजू घ्यायला सगळेच धावले. दोनदा खेळले, दोन्ही वेळा हरले. तिसऱ्यांदा लहान टेकडीखाली मैदानात एक तुकडी राखीव ठेवली, आणि जिंकले. इतिहासात झाले ते काय आणि होऊ शकले असते ते काय, यांतला फरक मुलांना तेव्हा जसा उमगला, तसा तो पाठ्यपुस्तकातून उमगत नाही.

करू इच्छिणाऱ्यांसाठी

ज्यांना हा प्रयोग करायचा आहे, त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. माती शेताची किंवा बागेची घ्यावी. खाणीच्या गावांत काळसर चुरा सहज मिळतो आणि डोंगराला तो शोभतोही. पण मँगनीजची बारीक धूळ दीर्घकाळ श्वासातून गेल्यास मज्जासंस्थेला अपाय करते, म्हणून तो घरी आणू नये. पाण्यात विरघळणारी कच्च्या मातीची चित्रे वापरावीत, प्लॅस्टरची नकोत; तयार किल्ला तर विकत आणूच नये, कारण विकतच्या किल्ल्यावर चुका करता येत नाहीत. फटाके किल्ल्यापासून दूर ठेवावेत. वडील मंडळींनी माती कालवायला मदत करावी, गुण मांडावेत, आणि फासा पडत असताना गप्प बसावे. हे शेवटचे कलम पाळणे सर्वांत कठीण गेले, हे येथे नमूद करणे भाग आहे.

आणि किल्ला निवडताना आपल्या गावाजवळचा निवडावा. रायगडाचे स्थान अढळ आहे. परंतु मुलाने जो चढून पाहिला, तोच त्याला बांधता येतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांतला जिंजी हा महाराष्ट्रात नाही, तमिळनाडूत आहे. राजाराम महाराजांनी तेथून राज्य चालवले, आणि मोगलांचा वेढा आठ वर्षे रेंगाळत राहिला. त्या गडाला तीन स्वतंत्र टेकड्या आहेत. एक गेली तरी दुसरी लढते. चेन्नई किंवा तंजावरच्या मराठी मुलांना याहून सुरेख पट मिळायचा नाही. ग्वाल्हेरकरांना त्यांचा गड घरातून दिसतो. झाशीत, बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत जेथे जेथे आपली घरे आहेत, तेथे जवळपास एखादा कोट, एखादी गढी, निदान एखादी पडकी वेस असतेच. येत्या सुटीत मुलांना घेऊन तेथे जावे. दरवाजा कोणीकडे तोंड करून आहे, शेजारी टेकडी आहे काय, हे त्यांनाच शोधू द्यावे. आणि सर्वांत आधी पाणी कोठे होते, ते त्यांना विचारावे.